जुनी भांडी, घरचा पाव आणि बरण्या: सेकंडहँड काय घ्यावं, काय घेऊ नये

सुपातली

पावाच्या धाग्यावर अवांतर फार व्हायला लागलं म्हणून हा वेगळा काढतेय. घरी पाव करायचा, फळं आणि टोमॅटो स्वस्त असतात तेव्हा बरण्यांमध्ये भरून ठेवायचे आणि त्यासाठी नवीन मशिनरीवर पैसे ओतायचे नाहीत, एवढाच विषय. नवा मिक्सर, नवा ओव्हन, नवी भांडी असं सगळं घेऊन बसलं की तो पाव विकतच्यापेक्षा महाग पडतो, मग काटकसर कसली डोंबलाची.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला सोपं. जी वस्तू नुसतं वजन, उष्णता नाहीतर ताकद पुरवते ती खुशाल जुनी घ्या: बिडाचं झाकणवालं भांडं, पावाचे टिन, मोठं स्टीलचं पातेलं, हाताने फिरवायची गिरणी, मिक्सर, काचेच्या बरण्या. पण आतलं अन्न टिकलंय की बिघडलंय हे ज्याच्यावर ठरतं, म्हणजे बरणीचं झाकण, रबराची रिंग, प्रेशरचा गेज, ते नवं नाहीतर तपासून घेतलेलं. यात तडजोड नाही. लोखंड म्हातारं झालं तरी काम करतं, रबराचं तसं नसतं.

सुरुवात बिडापासून करू, कारण पावासाठी एकच जुनी वस्तू घ्यायची असेल तर मी तीच घ्यायला सांगेन. भांडं उचलून एका हातावर तोलायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत आवाज घुमला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी. मग सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतंय का बघायचं. नुसत्या गंजाला घाबरू नका, उलट गंजलेलं स्वस्तात मिळतं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात बुडवायचं, दर अर्ध्या तासाने काढून घासायचं आणि गंज सुटला की लगेच बाहेर काढायचं, कारण जास्त वेळ राहिलं तर ते आम्ल लोखंडही खायला लागतं. धुतल्यावर तसंच ठेवलं तर डोळ्यांदेखत परत तांबूस होतं, म्हणून ताबडतोब गॅसवर कोरडं करायचं, तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, तोही फडक्याने पुसून काढायचा, इतका की भांडं कोरडं दिसलं पाहिजे, आणि ओव्हनमध्ये उपडं घालून २३० अंशाला तासभर. दोन-तीनदा केलं की काळी चकाकी येते. तेल जास्त राहिलं तर चिकट थर बसतो, बहुतेकांची तक्रार तीच असते.

---

मध्यरात्रीचा_पाव

सुपातलीताई, धागा वाचनखुणांत साठवला. बिडाच्या भांड्याला डब्बल अनुमोदन.

ते भांडं नेमकं काय करतं तेही लिहितो. बेकरीच्या ओव्हनमध्ये सुरुवातीला वाफ सोडतात. वाफेमुळे पावाचा पृष्ठभाग ओला राहतो, साल लवकर कडक होत नाही, त्यामुळे पाव फुगायला वाव मिळतो आणि वरच्या स्टार्चची खळ होऊन नंतर ती कुरकुरीत, चकचकीत होते. घरच्या ओव्हनमधून वाफ निसटून जाते. झाकणवाल्या जड भांड्यात मात्र पिठातूनच निघालेली वाफ कोंडून राहते, वेगळं काही करावं लागत नाही. २००६ साली न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरची न मळता करायच्या पावाची पद्धत वर्तमानपत्रात आली आणि घरोघरी लोक अशी भांडी शोधायला लागले, त्याचं कारण हेच.

माझं रोजचं प्रमाण: ४०० ग्रॅम पीठ (प्रोटीन ११-१२ टक्के असेल तर उत्तम), ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. चमच्याने कालवायचं, झाकून १२ ते १८ तास विसरून जायचं. नंतर ओट्यावर पीठ भुरभुरून दोन-तीन घड्या घालायच्या, गोळा करून तासभर ठेवायचा. भांडं ओव्हनमध्येच अर्धा तास २३० ला तापवायचं, गोळा आत, झाकण लावून ३० मिनिटं, झाकण काढून १५ ते २०. मिक्सर नको, मळणं नको. यीस्टही नेहमीच्या पावाच्या चौथा हिस्सा, तिथेही बचत.

---

उगाच_एक

लंबर ३! वाचतोय. आमच्याकडे बिडाचं भांडं आहे, त्याने दार उघडं राहतं.

---

नवखा_बेकर

धागा मस्त. एक शंका आहे, मला एक ब्रेड मशीन फुकटात मिळतंय, ओळखीचे घर बदलतायत आणि त्यांना ते टाकून द्यायचंय. घेऊ का? की बिडाचं भांडंच शोधू? आणि हे १ ग्रॅम यीस्ट मोजायचं कशावर, माझ्या काट्यावर ५ ग्रॅमच्या खाली काही उमटतच नाही.

---

खटपट्या

फुकट मिळतंय तर घ्या की हो, पण घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा.

एक, आतल्या डब्याच्या तळाला जी दांडी असते ती हाताने फिरवा. अडकत असेल किंवा खालून काळपट ओशट काही आलेलं असेल तर सील गेलंय, पाणी खाली झिरपणार आणि हीटरवर पडून जळका वास येणार. दोन, दांडीवर बसणारं छोटं पातं आहे का, जुन्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त हरवलेला भाग तोच, कारण ते पावात अडकून बाहेर येतं आणि खरकट्याबरोबर कचऱ्यात जातं. तीन, रिकामं असताना मळायच्या प्रोग्रामवर चालवा. पट्टा घसरत असेल तर मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही. पट्टा बदलता येतो, अवघड नाही.

आणि मिळालं तरी भाजायला वापरायलाच पाहिजे असं नाही. मी फक्त मळायला आणि फुगवायला वापरतो, मग गोळा काढून टिनमध्ये. तळाला भोक पडलेला चौकोनी पाव मला आवडत नाही, ज्यांना आवडतो त्यांना आवडो.

स्टँड मिक्सर (डोक्याला लावलेल्या हुकाने खालच्या भांड्यातली कणीक मळणारं मशीन) जुना घेत असाल तर तेही सांगतो. डोक्यातून भांड्यात तेल ठिबकत असेल तर लोक घाबरून स्वस्तात काढून टाकतात. बहुतेक वेळा काय झालेलं असतं, मशीन बरीच वर्षं पडून असतं, आतल्या ग्रीसमधलं तेल सुटं होतं आणि खाली येतं. उघडून जुनं ग्रीस खरवडून काढायचं, खाण्याच्या मशीनला चालणारं नवं भरायचं, झालं. बऱ्याच मॉडेलमध्ये एक गिअर मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, घट्ट कणकेने जोर आला की तो झिजतो आणि मोटर वाचते. मोटर फिरतेय, हूक फिरत नाही, खडखड येतेय, असं असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा तोच. पार्ट स्वस्त असतो. मोटरच्या कार्बन ब्रशचंही (फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) तेच, झिजले की बदलायचे. बारीक ठिणगी दिसणं नॉर्मल आहे, गोल आगीची रिंग दिसली तर सोडून द्या. वायर कापडी वेष्टनाची किंवा भेगाळलेली असेल तर पहिल्यांदा ती बदला, मगच प्लग लावा. व्होल्टेजची पाटीसुद्धा वाचा, ११० व्होल्टचं मशीन २३० वर लावलं की धूर आणि खेळ खल्लास.

---

मध्यरात्रीचा_पाव

नवख्या, १ ग्रॅमसाठी काटा नको. १० ग्रॅम यीस्ट १०० ग्रॅम कोमट पाण्यात ढवळ, त्यातलं ११ ग्रॅम पाणी घे, झालं १ ग्रॅम यीस्ट. त्यात १० ग्रॅम पाणी असतं, ते एकूण पाण्यातून वजा कर. उरलेल्या पाण्यात आणखी पीठ कालवून त्याच दिवशी दुसरं काहीतरी कर, साठवू नकोस. किंवा सरळ पाव चमच्याला किंचित जास्त घे, इतका काटेकोरपणा लागत नाही, वेळ थोडा मागेपुढे होईल इतकंच.

काटा जुना घेतला असेल तर तपासायचं सोपं आहे. भांडं ठेवून शून्य कर, मापाने एक लिटर पाणी ओत, १ किलोच्या आसपास यायला हवं. अर्धा लिटरलाही बघ. दोन्हीकडे एकाच प्रमाणात चुकत असेल तरी पाव बिघडत नाही, कारण पाव प्रमाणावर चालतो. एकदा कमी एकदा जास्त दाखवत असेल तर मात्र भंगार.

ओव्हनचंही असंच. जुन्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा शोभेचा असतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर नवा घ्या, अर्धा तास तापू द्या आणि मग वाचा. वीस-वीस अंशांचा फरक सर्रास असतो.

---

पीठसाखर

छान माहिती. जॅमसाठी तांब्याचं जुनं पातेलं मिळालंय, चकचकीत आहे, कल्हई नाही. वापरू का?

---

बरणीकाकू

पीठसाखर, हिरवट डाग अजिबात नसतील तर जॅमसाठी चालतं, पण फळ आणि साखर आधी दुसऱ्या भांड्यात एकत्र करूनच त्यात ओतायचं. नुसतं आंबट फळ तांब्यात घालायचं नाही, आणि शिजलेला जॅम त्यात पडू द्यायचा नाही. खरं सांगू का, रुंद तोंडाचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. रुंद असलं की पाणी पटकन आटतं, जॅमचा रंगही छान राहतो. १०४-१०५ अंशाला जमतो. थर्मामीटर नसेल तर बशी फ्रीजरमध्ये ठेवा, थेंब टाकून बोटाने ढकला, सुरकुती पडली की झालं.

आता बरण्यांवर येते. सुपातली म्हणते ते सोळा आणे खरं आहे. जुन्या बरण्या जरूर घ्या, पण प्रत्येक बरणीच्या काठावरून बोट फिरवा. हळू फिरवा, डोळे मिटून फिरवलंत तर आणखी चांगलं, डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. टवका असेल तिथे झाकण धरणार नाही, ती बरणी कोरड्या वस्तूंसाठी. मग उजेडासमोर धरून तळाशी केसासारखी रेघ आहे का बघा. तारेच्या कड्या आणि काचेचं झाकण असलेल्या जुन्या बरण्या दिसायला फार गोड असतात, पण झाकण धरलंय की नाही हे त्यात खात्रीने कळत नाही, म्हणून त्यात पीठ, कडधान्य, सुकवलेली फळं ठेवा.

दोन तुकड्यांचं झाकण असतं त्यातली गोल कडी कितीही वेळा वापरा, चपटी चकती मात्र एकदाच. तिच्या कडेला मऊ लेप असतो, तो एकदा दबला की दुसऱ्यांदा भरवशाचा राहत नाही. विकतच्या सॉसच्या बरण्यांची झाकणंही कॅनिंगला, म्हणजे बरणीत भरून उकळून हवाबंद टिकवायला, परत नको, फ्रीजमध्ये ठेवायला चालतील.

जॅम अर्ध्या लिटरपर्यंतच्या बरणीत, वर ६ मिलिमीटर जागा सोडून, काठ पुसून, उकळत्या पाण्यात १० मिनिटं. झाकणावर निदान अडीच सेंटिमीटर पाणी हवं. उंचावर राहत असाल, ३०० मीटरच्या वर, तर ५ मिनिटं जास्त, आणि १८०० च्या वर १० मिनिटं जास्त, कारण दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. बाहेर काढल्यावर हात लावू नका, दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मध्यावर दाबा. टकटक हललं तर ती बरणी फ्रीजमध्ये आणि आधी संपवायची. धरलं असेल तर कडी काढून ठेवा, म्हणजे नंतर कधी झाकण सुटलं तर लगेच कळतं, कडीने दाबून धरलेलं कळत नाही.

---

आळशी_सुगरण

काकू तुम्ही फार किचकट करून ठेवता बाई सगळं. आमच्याकडे उकळता जॅम भरतात, झाकण लावून बरणी उपडी करतात, बस. आणि पावाचं पण एक भारी आहे, काचेच्या बरणीतच केकचं किंवा पावाचं मिश्रण घालायचं, ओव्हनमध्ये भाजायचं आणि गरम असतानाच झाकण लावायचं, आपोआप टक्कन बंद होतं, आठवडेच्या आठवडे टिकतं. भेट द्यायला पण सुंदर दिसतं. पूर्वीचे लोक कुठे पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजत बसायचे?

---

बरणीकाकू

नाही. हे मी अगदी शांतपणे पण ठामपणे लिहितेय, कृपया कोणी करू नका.

बरणी टक्कन बंद झाली याचा अर्थ आतली हवा गेली, जंतू गेले असा नाही. बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूंचे बीजाणू १०० अंशाला मरत नाहीत. त्यांना वाढायला ऑक्सिजन नको, ओलावा हवा, आंबटपणा कमी हवा आणि खोलीचं तापमान हवं. बरणीतला मऊ पाव म्हणजे हे सगळं आयतं ताटात वाढून ठेवलेलं. उघड्यावरच्या पावाला निदान बुरशी येते आणि आपण तो फेकतो. यात तयार होणारं विष दिसत नाही, त्याचा वास येईलच असं नाही, चवही बदलेलच असं नाही. शिवाय कॅनिंगच्या बरण्या ओव्हनच्या कोरड्या उष्णतेसाठी बनवलेल्याच नसतात, तडकतात.

सीमारेषा पीएच ४.६ ची आहे. त्याच्या खाली, म्हणजे त्याहून आंबट असेल तर उकळतं पाणी पुरतं: बहुतेक फळं, जॅम, व्हिनेगरमधल्या भाज्या. त्याच्या वर असेल, म्हणजे शेंगा, मका, साध्या भाज्या, मांस, सूप, तर प्रेशर कॅनरमध्ये (बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं) ११६ अंश किंवा वर न्यावंच लागतं. टोमॅटो बरोबर रेषेवर बसतो, कधी ४.३ कधी ४.९, म्हणून लिटरच्या बरणीला ३० मिलिलिटर बाटलीबंद लिंबूरस किंवा अर्धा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालायचंच. बाटलीतलाच का, तर त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा फळागणिक बदलतो. आणि उपड्या बरणीबद्दल: त्याने झाकण चिकटतं, पण आत राहिलेल्या बुरशीच्या बीजाणूंना पुरेशी उष्णता मिळत नाही.

---

सुपातली

काकूंना पूर्ण पाठिंबा. आणि "पूर्वीचे लोक" या मुद्द्यावर: फ्रान्समध्ये निकोला अपेरने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं मारून, पाण्यात उकळून टिकवायची रीत बसवली आणि १८१० मध्ये सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. पाश्चरचं काम त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. म्हणजे अन्न का टिकतं हे अपेरला ठाऊकच नव्हतं, तो तासन्‌तास उकळून अनुभवावर चालला होता. आपल्याला कारण माहीत आहे, मग अंदाजावर का चालायचं?

आळशी, रागावू नको गं. बरणीत भेट द्यायची असेल तर कोरडं मिश्रण भरून दे, पीठ, साखर, कोको असे थर. दिसतंही छान आणि भाजायचं काम समोरच्यावर.

---

आळशी_सुगरण

रागावले नाही, पण बऱ्याच व्हिडिओंमध्ये दाखवतात हो. बरं, कोरडं मिश्रण बेस्ट आयडिया, माझं काम अजून कमी.

---

उगाच_एक

आयडीला जागलीस.

---

नवखा_बेकर

मग घरचा साधा प्रेशर कुकर आहे त्यातच दोन-तीन बरण्या बसतात, तो चालेल ना प्रेशर कॅनर म्हणून? प्रेशर ते प्रेशर.

---

खटपट्या

प्रेशर ते प्रेशर नाही. कॅनिंगचे जे वेळ ठरवलेत ते मोठ्या कॅनरवर तपासून ठरवलेत आणि त्यात तापायला लागणारा आणि निवायला लागणारा वेळही धरलेला आहे. छोटा कुकर पटकन तापतो, पटकन निवतो, म्हणजे बरणीच्या मध्यापर्यंत हिशोबाएवढी उष्णता पोचतच नाही. एक लिटरच्या निदान चार बरण्या उभ्या राहतील इतका मोठा आणि कॅनर म्हणूनच बनवलेला पाहिजे.

जुना कॅनर मिळाला तर: रबराची रिंग नवी, सेफ्टी प्लग नवा, वाफेच्या नळीत तार किंवा दोरा घालून आरपार मोकळी आहे ना बघायचं. तळ फुगलेला असेल, झाकण खुर्चीसारखं डुगडुगत बसत असेल तर नको. वजनाची शिट्टी असलेला असेल तर बरं, वजन बदलत नाही. घड्याळासारखा काटा असलेला असेल तर गेज दरवर्षी तपासून घ्यायचा, आणि २ पौंडांपेक्षा जास्त चुकत असेल तर बदलायचा. मी तर जुना कॅनर घेतला की न बघताच गेज बदलतो. वापरताना वजन ठेवायच्या आधी १० मिनिटं वाफ सलग सोडायची, नाहीतर आत हवा राहते आणि काटा १० पौंड दाखवतो पण तापमान तेवढं नसतं. ही पायरी लोक फार गाळतात.

जुना कॅनर घ्यायचा तर सुटे भाग अजून मिळतात का ते आधी शोधा. रिंग मिळत नसेल तर तो कॅनर नाही, मोठं पातेलं आहे. पातेलं म्हणून घ्या, जॅमच्या बरण्या उकळायला झकास, त्या भावात.

---

पीठसाखर

"तो कॅनर नाही, मोठं पातेलं आहे" =)) फ्रिजवर चिकटवते.

---

मध्यरात्रीचा_पाव

सगळे बरण्यांत शिरले, पाव टिकवण्याचं राहिलंच. पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. शून्याच्या जरा वरच्या तापमानालाच स्टार्च सगळ्यात भराभर कडक होतो, म्हणून फ्रीजमधला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. एक-दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर पूर्ण गार झाल्यावर कापून सरळ फ्रीजरमध्ये, लागतील तशा चकत्या काढून टोस्ट करायच्या. मी ओव्हन एकदा तापवला की दोन पाव काढतो, आणि बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत शिळ्या पावाचे तुकडे सुकवून चुरा करतो. पूर्ण कडकडीत झाले पाहिजेत, मधे मऊ राहिले तर डब्यात बुरशी धरतात.

अजून एक, दमट आणि गरम हवेत राहणाऱ्यांनी लक्ष द्या. पाव दुसऱ्या दिवशी आतून चिकट झाला, तोडल्यावर तार सुटली आणि पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास आला तर ती बुरशी नाही, बॅसिलस जातीचे जिवाणू आहेत, इंग्रजीत रोप म्हणतात. त्यांचे बीजाणू पिठातून येतात आणि पावाचा मध्य भाजताना १०० च्या खालीच राहतो म्हणून वाचतात. तो पाव फेका, चुराही करू नका. पिठाचे डबे, ओटा, टिन सगळं धुऊन व्हिनेगरने पुसा. पुढचे काही पाव आंबवणाचे (यीस्टऐवजी पीठ-पाणी आंबवून केलेलं विरजण) करा किंवा पिठात थोडं व्हिनेगर घाला, आंबटपणा त्यांना सोसत नाही. पाव नीट भाजा, मध्यात थर्मामीटर खुपसून ९५ च्या आसपास, आणि लवकर गार करा. जुनी लाकडी परात किंवा जुनी गिरणी आणली की हा त्रास जास्त, कारण भेगांमध्ये जुनं पीठ बसलेलं असतं.

---

सुपातली

हे फार कामाचं लिहिलंस. जुन्या गिरणीत आधी मूठ-दोन मूठ धान्य दळून ते पीठ टाकून द्यायचं, दगडी पाळं असेल तर ते ब्रशने कोरडंच साफ करायचं, धुवायचं नाही.

आणखी दोन सावधानता, पहिल्या पोस्टमध्ये राहिल्या होत्या. काही जुन्या बिडाच्या भांड्यांत लोकांनी शिसं वितळवून मासेमारीची वजनं ओतलेली असतात. आत राखाडी मऊ थर, नखाने ओरखडा पडणारा, दिसला तर ते स्वयंपाकात आणूच नका, शिसं घासून जात नाही. तसंच जुन्या रंगीत झिलईच्या मातीच्या बरण्या. झिलईत शिसं असू शकतं आणि आंबवलेल्या भाजीचं आम्ल ते बाहेर काढतं. कोबी आंबवायला काचेची मोठी बरणी घ्या, कोबीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ, हाताने चुरून पाणी सुटेपर्यंत, आणि सगळं स्वतःच्या पाण्याखाली दाबून ठेवायचं. वर काचेची छोटी बरणी पाणी भरून ठेवली की वजनही फुकट.

आत एनॅमलचे टवके उडालेलं भांडंही नको, ते तुकडे पावात येतात. फक्त बाहेरून उडालेलं असेल तर चालवा.

---

नवखा_बेकर

काकू, फळं सुकवायचं मशीन पण जुनं घ्यावं का? पंखा नसलेलं एक दिसलंय.

---

बरणीकाकू

पंखा नसलेलं घेतलंत तर ट्रे सारखे वरखाली करावे लागतात, खालचं करपतं आणि वरचं ओलं. पंखेवालं मिळेपर्यंत थांबा, जुनं चालेल, फक्त थर्मामीटर ठेवून ५५ ते ६० अंश धरतंय ना बघा. सुकवलेली फळं लगेच घट्ट भरू नका. बरणी दोन तृतीयांश भरा, आठवडा-दहा दिवस रोज हलवा, काचेला आतून ओल दिसली तर परत सुकवा. मगच साठवा.

---

पीठसाखर

आणि आंबवण? मी महिनाभर गावाला जाणार, माझं आंबवण मरेल.

---

मध्यरात्रीचा_पाव

सुकवून ठेव. पीठ-पाणी खायला घातल्यावर फुगून वर आलं की बेकिंग पेपरवर चमच्याने अगदी पातळ पसर, पंख्याखाली राहू दे, ओव्हनमध्ये नको, ४० च्या वर गेलं की यीस्ट कमजोर पडायला लागतं. पापुद्रे कुडकुडीत तुटायला लागले की चुरून कोरड्या बरणीत, अंधारात. इथे टवका पडलेली बरणीही चालते. परत जागवायला चमचाभर चुरा तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळू दे, मग तेवढंच पीठ, आणि रोज खायला घालत राहा. पहिल्या दिवशी काही हालचाल दिसत नाही, टाकून देऊ नकोस.

---

नवखा_बेकर

ब्रेड मशीन घरी आणलं. दांडी मोकळी फिरतेय, पातं नाहीये.

---

खटपट्या

म्हटलं नव्हतं का. डब्याच्या तळाखाली मॉडेल नंबर असेल तो इथे टाका, आणि दांडीचं टोक गोल आहे की एका बाजूने सपाट ते बघून जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. सपाट असेल तर दुसऱ्या मॉडेलचं पातं बसण्याची शक्यता आहे.